लॉख लीव्हनचा जुना काठ कसा शोधावा

२ मे १५६८ च्या संध्याकाळी स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट लॉख लीव्हन या सरोवरातल्या बेटावरच्या किल्ल्यातून होडीने निसटली. १७ जून १५६७ पासून ती तेथे कैदेत होती आणि त्याच कैदेत, २४ जुलै १५६७ रोजी, तिच्याकडून राजत्यागाच्या कागदांवर सह्या करून घेण्यात आल्या होत्या. निसटताना विली डग्लस या तरुणाने दरवाज्याला बाहेरून कुलूप घातले आणि चाव्या पाण्यात फेकून दिल्या, असे सांगतात. आज किन्रॉस गावातून होडीने त्या बेटावर जाणाऱ्या माणसाला उतरल्यावर झाडांमधून आणि हिरवळीवरून चालत तटापर्यंत जावे लागते. मेरीच्या वेळी या हिरवळीचा मोठा भाग पाण्याखाली होता आणि तटाच्या पायथ्यालगतच पाणी हेलकावत असे.

पुढे १८२६ ते १८३६ या दहा वर्षांत सरोवराची पातळी सुमारे १.४ मीटरने, म्हणजे साडेचार फुटांनी, उतरवण्यात आली आणि त्याचे क्षेत्रफळ पूर्वीच्या सुमारे तीन चतुर्थांशावर आले. त्यामुळे राणीची सुटका असो, बेटावरच्या मठाचा इतिहास असो किंवा १३३५ चा वेढा असो, आजच्या नकाशावरची निळी रेघ प्रमाण मानून या घटना समजून घ्यायला गेल्यास अंतरे चुकतात, बेटांचे आकार चुकतात आणि त्यांवरून काढलेले निष्कर्षही चुकतात. जुना काठ पुन्हा कसा आखावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. त्यासाठी जुने नकाशे, जमिनीच्या उंचीची बारीक माहिती, एक मोजकाठी, पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि प्रत्यक्ष काठावर घालवायला दोन दिवस एवढे पुरते.

आधी सरोवराची ओळख

शोधाला लागण्यापूर्वी नावाचा घोळ मिटवावा. स्कॉटलंडमध्ये लॉख लीव्हन नावाची दोन जलाशये प्रसिद्ध आहेत. एक पश्चिमेकडे ग्लेनकोजवळ आहे. तो समुद्राचा आत शिरलेला फाटा असल्याने तेथे भरती-ओहोटी चालते. आपले सरोवर गोड्या पाण्याचे असून ते आजच्या पर्थ अँड किन्रॉस विभागात, किन्रॉस गावाच्या पूर्वेला लागून आहे. लीव्हन नावाच्या नद्याही एकाहून अधिक आहेत: एक लॉख लोमंडमधून निघून क्लाइडला मिळते, तर आपली या सरोवरातून निघून फाइफमधून पूर्वेकडे वाहते आणि लीव्हन गावाजवळ फर्थ ऑफ फोर्थ या खाडीला मिळते. नकाशांच्या आणि कागदपत्रांच्या सूचीत शोध घेताना ‘किन्रॉस’ हा शब्द जोडून घेतला, तर पुष्कळ वेळ वाचतो.

सरोवराचा आकार साधारण त्रिकोणी, लांबी जास्तीत जास्त ६ किलोमीटरच्या आसपास, क्षेत्रफळ सुमारे १३.३ चौरस किलोमीटर आणि पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे १०७ मीटर उंचीवर आहे. उत्तरेला ओखिल टेकड्या, नैर्ऋत्येला क्लीश टेकड्या, दक्षिणेला ३५६ मीटर उंचीची बेनार्टी आणि पूर्वेच्या बाजूला ४६१ मीटर उंचीची बिशप हिल अशा टेकड्यांच्या मधोमध हे पाणी एका सपाट मैदानात पसरलेले आहे. शेवटच्या हिमयुगात वितळणाऱ्या बर्फाने येथे वाळू आणि गोट्यांचे थर टाकले. त्या थरांत अडकलेले बर्फाचे प्रचंड तुकडे नंतर विरघळले आणि त्यांच्या जागी खोल खळगे राहिले. म्हणूनच येथे जास्तीत जास्त खोली सुमारे २५.५ मीटर असूनही सरासरी खोली मात्र फक्त ३.९ मीटर आहे. खळगे सोडले तर हे सरोवर ताटासारखे उथळ आहे, आणि पुढच्या सगळ्या कामाचे मर्म या उथळपणात आहे. उभ्या कड्यांच्या खोल सरोवरात पाणी १.४ मीटर उतरले, तर काठ जेमतेम दोन-चार पावले हलेल. येथे तो शेकडो मीटर हलला.

पाणी येण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. पश्चिमेकडून नॉर्थ क्वीख, साउथ क्वीख आणि गेअर्नी वॉटर हे ओढे येतात, ईशान्येकडून पाव बर्न येतो. जाण्याची वाट मात्र एकच आहे आणि ती आग्नेय कोपऱ्यात आहे. ज्याच्या हाती ते तोंड, त्याच्या हाती सरोवराची पातळी. एकोणिसाव्या शतकातल्या योजनेत लीव्हन नदीच्या वळणदार उगमाऐवजी ऑखम्यूर पुलाच्या दिशेने एक सरळ, खोल पाट खणण्यात आला आणि तोंडावर जलद्वारे बसवण्यात आली. या योजनेचे हेतू दोन होते: काठाची जमीन शेतीसाठी मोकळी करणे, आणि फाइफमध्ये नदीवर चालणाऱ्या गिरण्यांना बारमाही, भरवशाचे पाणी देणे. पहिल्या हेतूमुळे काठ सरकला. दुसऱ्या हेतूमुळे तेव्हापासून सरोवराची पातळी माणसाच्या हातात आली. काठाचा अभ्यास करणारे अनेक जण पहिली गोष्ट ध्यानात ठेवतात आणि दुसरी विसरतात. आज आपल्याला दिसणारी पाण्याची कड ही जलद्वारे किती उघडी आहेत यावरही ठरते.

कोणता काठ शोधायचा, हे आधी ठरवावे

‘काठ’ हा शब्द ऐकायला सोपा असला, तरी येथे किमान तीन वेगळ्या रेषा वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली, आपण गेलो त्या दिवशी पाणी जिथवर होते ती कड. दुसरी, जलद्वारांच्या नियंत्रणाखाली वर्षभरात साधारणपणे राहणारी, आजच्या नकाशावर छापलेली रेषा. तिसरी, १८२६ पूर्वीची. यांतली तिसरी तर खरे पाहता रेषाच नाही. जलद्वारे नव्हती तेव्हा हिवाळ्याच्या पावसात पाणी पसरत असे आणि कोरड्या उन्हाळ्यात मागे हटत असे, म्हणून जुना काठ हा पट्टा म्हणूनच आखावा. माझ्या मते आजच्या नेहमीच्या पातळीच्या वर १.४ मीटर ही त्या पट्ट्याची मध्यरेषा धरावी आणि तिच्या खाली-वर अर्धा-अर्धा मीटर मोकळा सोडावा. पट्टा आखल्याने नकाशा कमी रेखीव दिसतो, पण खरा असतो.

त्यानंतर एक ढोबळ हिशेब कागदावर करून ठेवावा, म्हणजे पुढे काही विपरीत आकडा आला, तर लगेच खटकेल. आजचे १३.३ चौरस किलोमीटर हे पूर्वीच्या तीन चतुर्थांश असतील, तर पूर्वीचे क्षेत्र सुमारे १७.७ चौरस किलोमीटर होते आणि सुमारे ४.४ चौरस किलोमीटर तळ उघडा पडला. काठाची लांबी ढोबळमानाने २० किलोमीटर धरली, तर काठ सरासरी २२० मीटर आत सरकला असे निघते. दीड मीटरपेक्षा कमी उतारासाठी २२० मीटर सरकणे याचा अर्थ तळाचा उतार सरासरी दीडशेस एक इतका मंद होता. ही फक्त सरासरी आहे. टेकडीचा पायथा पाण्याजवळ आहे तेथे हा आकडा बराच लहान येईल आणि ओढ्यांच्या मुखाशी बराच मोठा. पण एखाद्या सपाट जागी आपल्याला जुना काठ आजच्या पाण्यापासून दहा मीटरवर सापडला, तर आपल्या मोजणीत चूक असण्याचा संभव जास्त आहे.

नकाशे कोणत्या क्रमाने पाहावेत

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुने नकाशे संकेतस्थळावर खुले ठेवले आहेत आणि त्यांतले पुष्कळसे आजच्या नकाशावर ठेवून, वरच्या थराची पारदर्शकता कमी-जास्त करून पाहता येतात. या सोयीमुळे घरबसल्या बरेच काम होते. मात्र ती सोय किती सहज फसवू शकते, हेही सांगायला हवे.

सुरुवात लष्करी मोजणीदार विल्यम रॉय यांच्या पाहणीपासून करावी. ही पाहणी १७४७ ते १७५५ या काळात, पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या समर्थकांचा, म्हणजे जॅकोबाइटांचा, उठाव मोडल्यानंतर, सैन्याच्या हालचालींच्या सोयीसाठी झाली. मोजणीदारांनी होकायंत्र आणि साखळी घेऊन रस्ते आणि ओढे मोजले, आणि मधला बराचसा भूभाग नजरेच्या अंदाजाने रेखाटला. त्यामुळे या नकाशावरून सरोवराच्या कडेचे मीटरमध्ये माप घेऊ नये. कोणती वस्ती पाण्यालगत होती, कोणता ओढा कोठे मिळत होता, किल्ल्याचे बेट इतर बेटांच्या मानाने किती लहान दाखवले आहे, अशा प्रश्नांची उत्तरे मात्र त्यात मिळतात. त्यानंतर जॉन एन्स्ली यांचा फाइफ आणि किन्रॉस परगण्यांचा १७७५ चा नकाशा घ्यावा. तो पाणी उतरवण्यापूर्वीचा असून मोजणीच्या दृष्टीने बराच भरवशाचा आहे.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या सहा इंची (एका मैलाला सहा इंच) नकाशाची पहिली आवृत्ती किन्रॉस परगण्यासाठी १८५० च्या दशकात मोजली गेली. नवखे अभ्यासक येथे नेहमी घसरतात: नकाशा जुना आहे म्हणून काठही जुना असेल, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात तो नकाशा पाणी उतरवल्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी काढलेला आहे. जुन्या काठासाठी नव्हे, तर नवा काठ सुरुवातीला कसा होता आणि तेव्हापासून आजवर तो कोठे बदलला, हे पाहण्यासाठी तो अमोल आहे. त्यावर छापलेल्या उंचीच्या आकड्यांबाबतही सावध राहावे. ते फुटांत आहेत आणि लिव्हरपूलच्या समुद्रपातळीवरून मोजलेले आहेत, तर आजच्या उंची न्यूलिन बंदराच्या समुद्रपातळीवरून मोजतात. या दोन शून्यांमधला फरक आपल्या १.४ मीटरच्या प्रश्नात सहज घोळ घालू शकतो.

एका नकाशावर दुसरा ठेवताना संकेतस्थळाने केलेली जुळणी जशीच्या तशी स्वीकारू नये. न हललेल्या खुणा निवडाव्यात: बेटावरचा किल्ल्याचा मनोरा, मिल्नाथॉर्टजवळचा बर्ली किल्ला आणि किन्रॉस हाउस. सर विल्यम ब्रूस यांनी १६७५ मध्ये ही जहागीर विकत घेतली आणि पुढे किन्रॉस हाउस बांधताना घराचा आणि बागेचा मध्य अक्ष थेट सरोवरातल्या किल्ल्यावर रोखला. बागेच्या पाण्याकडच्या भिंतीत या अक्षावर माशांची टोपली कोरलेला एक दरवाजा आहे. ज्याने पातळी उतरण्यापूर्वीचे पाणी रोज पाहिले, त्या वास्तुकाराने आखून ठेवलेली ही सरळ रेषा आपल्या कामासाठी फार मोलाची आहे. कारण ती जुना काठ, नवा काठ आणि किल्ला या तिघांना छेदते. १७७५ च्या नकाशावर घर ते पाणी आणि पाणी ते किल्ला या दोन अंतरांचे गुणोत्तर काढावे, तेच आजच्या नकाशावर काढावे आणि दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. नकाशाचे प्रमाण थोडे चुकलेले असले, तरी गुणोत्तर बरेच टिकते.

शेवटी सर जॉन मरे आणि लॉरेन्स पुलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण केलेल्या स्कॉटिश सरोवरांच्या खोलीमापनातला या सरोवराचा नकाशा पाहावा. त्यावरच्या पाण्याखालच्या समखोली रेषांवरून आजच्या काठालगत तळ किती मंद उतरतो, हे कळते. काठाच्या वरचा उतार बहुधा त्याच उताराची पुढची पायरी असतो, म्हणून जमिनीवर काय अपेक्षावे, याचा अंदाज पाण्याखालूनच मिळतो.

संगणकावर काठ आखणे

क्यूजीआयएस हे नकाशांसाठीचे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. त्यात उंचीची माहिती घालून हव्या त्या उंचीची समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, काढता येते. प्रश्न माहितीच्या बारकाईचा आहे. ऑर्डनन्स सर्व्हेची मोफत मिळणारी पन्नास मीटर चौकटीची उंचीमाहिती येथे वापरू नये. तिच्यातली चूक काही मीटरची असू शकते आणि आपला शोध तर दीड मीटरच्या आतला आहे. विमानातून लेझर सोडून मोजलेली, लायडार नावाने ओळखली जाणारी माहिती घ्यावी. तिची चौकट एक मीटर किंवा त्याहून लहान असते आणि उंचीतली चूक काही सेंटिमीटरची असते. स्कॉटिश सरकारच्या दूरसंवेदन संकेतस्थळावरून ती उतरवून घेता येते. काठाच्या ज्या भागासाठी ती मिळेल, त्या भागापुरतेच संगणकावरचे काम करावे आणि उरलेला भाग जमिनीवर मोजावा.

लायडारमध्ये सरोवराचा पृष्ठभाग सपाट दिसतो. त्याची उंची वाचावी, तीत १.४ मीटर मिळवावेत आणि त्या उंचीची रेषा काढावी. मग अर्धा मीटर खाली आणि अर्धा मीटर वर आणखी दोन रेषा काढून मधला पट्टा रंगवावा. विमान उडाले त्या दिवशी पाणी नेहमीपेक्षा वर किंवा खाली असू शकते, ही अडचण या पट्ट्यात बहुतांशी सामावते.

आता निघालेला पट्टा डोळे मिटून स्वीकारू नये, कारण १८३६ नंतर जमीनही स्थिर राहिलेली नाही. नॉर्थ क्वीख आणि साउथ क्वीख यांच्या मुखाशी गाळ साचत आला आहे, त्यामुळे १८०० मध्ये पाण्याखाली असलेली एखादी जागा आज १.४ मीटरच्या वर आलेली असू शकते. उलट पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मऊ मातीच्या, जागी पाणी निचरले की माती आकसते आणि जमीन खचते. सरोवराच्या पूर्वेला पोर्टमोकजवळ अशी जमीन आहे. तेथे समोच्च रेषा जुन्या काठाला त्याच्या खऱ्या जागेपेक्षा जमिनीच्या बाजूला नेऊन ठेवते. एकीकडे चूक पाण्याच्या बाजूला, दुसरीकडे जमिनीच्या बाजूला: म्हणून या दोन जागांवर संगणकापेक्षा १७७५ च्या नकाशाला जास्त वजन द्यावे.

प्रत्यक्ष काठावर

सरोवराभोवती सुमारे २१ किलोमीटरची लॉख लीव्हन हेरिटेज ट्रेल ही पायवाट आहे. २०१४ मध्ये तिचे वर्तुळ पूर्ण झाले. वाट बहुतेक सपाट आहे. एका दिवसात ती पुरी करण्याचा आग्रह धरू नये. पहिल्या दिवशी किन्रॉसपासून उत्तरेचा आणि पूर्वेचा काठ पाहावा, दुसऱ्या दिवशी नदीच्या तोंडापासून दक्षिणेचा. पक्ष्यांच्या गर्दीचा काळ सोडून वसंताच्या सुरुवातीला जावे असे मी सुचवेन, कारण तेव्हा गवत आखूड असते, ऊन तिरपे असते आणि जमिनीतला हाताएवढा उंचवटाही सावलीमुळे उठून दिसतो.

वाटेवरून चालताना एकेका खुणेकडे नव्हे, तर खुणांच्या जुळणीकडे लक्ष द्यावे. काठाला समांतर जाणारा वाळूचा किंवा गोट्यांचा ठेंगणा बांध ही जुन्या लाटांनी रचलेली कड असू शकते. जुन्या काठाच्या वरची शेते बहुधा वेड्यावाकड्या बांधांची असतात आणि पाण्यातून मोकळ्या झालेल्या जमिनीवरची शेते सरळ चर आणि सरळ कुंपणे घेऊन येतात, कारण ती एका हाताने, एका वेळी आखलेली असतात. चिचुंद्रीसारखा दिसणारा मोल नावाचा प्राणी जमिनीखालची माती उकरून वर ढीग घालतो. वरच्या शेतात हे ढीग तपकिरी मातीचे आणि खालच्या पट्ट्यात फिकट वाळूचे असतील, तर आपण न खणता तळ पाहिला. दोन-तीन खुणा एका ओळीत आल्या, तरच ती जागा नोंदवावी.

ठिकाणांची नावेही साक्ष देतात. किन्रॉस या गेलिक नावाचा अर्थ भूशिराचे टोक असा होतो. पोर्टमोकमधला ‘पोर्ट’ होड्या लागण्याची जागा सुचवतो. सेंट सर्फ्स इंच या बेटाच्या नावातल्या ‘इंच’चा मापाशी काही संबंध नाही, बेटासाठीच्या गेलिक शब्दाचे ते रूप आहे. नावावरून रेषा आखता येत नाही, पण कोठे शोधायचे ते कळते.

उंची मोजण्याची साधी रीत अशी. १.४ मीटरवर ठळक खूण केलेली काठी पाण्याच्या कडेला उभी करावी. गवंडी वापरतात तशी वीसेक मीटर लांबीची, पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यावी. तिच्या एका टोकातली पाण्याची पातळी काठीच्या खुणेशी धरावी आणि दुसरे टोक जमिनीच्या बाजूला न्यावे. दुसऱ्या टोकातले पाणी जमिनीपासून किती उंचीवर उभे राहते, ते मोजून १.४ मीटरमधून वजा केले की त्या जागची जमीन आजच्या पाण्यापेक्षा किती वर आहे हे कळते. मग त्या जागेवरून पुढची वीस मीटर. ज्या ठिकाणी नळीतले पाणी जमिनीला टेकते, तेथे जुनी पातळी. फोनवरच्या कोनमापकाने लांबची नजर लावण्याचा मोह टाळावा. त्यात पाव अंशाची चूक असली, तरी २०० मीटरवर ती जवळजवळ ९० सेंटिमीटर होते आणि सगळा शोध वाया जातो. पृथ्वीच्या गोलाईची काळजी मात्र करू नये. २०० मीटरवर तिचा परिणाम फक्त ३ मिलिमीटर असतो. वाऱ्याचा दिवस टाळावा. येथे प्रबळ वारा नैर्ऋत्येकडून येतो, तो पाणी ईशान्य काठाकडे ढकलतो आणि लाटाही तिकडेच आपटतात, त्यामुळे त्या बाजूची कड त्या दिवशी खोटी असते आणि वर्षानुवर्षांच्या झिजेमुळे तिथला नवा काठही थोडा सरकलेला असतो.

या कामात एकही खड्डा खणायचा नाही. सरोवर १९६४ पासून राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे आणि १९७६ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. शरद ऋतूत गुलाबी पायांचे हंस येथे हजारोंनी उतरतात आणि सेंट सर्फ्स इंचवर बदके घरटी करतात, म्हणून त्या बेटावर उतरण्याचा विचार सोडून ते दुर्बिणीतून पाहावे. स्कॉटलंडच्या २००३ च्या भूसुधार कायद्याने जमिनीवर फिरण्याचा हक्क दिला आहे, पण तो जबाबदारीने वापरायचा हक्क आहे: उभे पीक तुडवू नये, घराच्या आवारात शिरू नये, कुंपणाचे फाटक जसे होते तसे ठेवावे. संरक्षित स्मारकाच्या जागी धातुशोधक यंत्र परवानगीशिवाय चालवता येत नाही, आणि स्कॉटलंडमध्ये जमिनीत सापडलेली पुरातन वस्तू राजसत्तेची मानली जाते. चाव्यांची गोष्ट कितीही मोह घालणारी असली, तरी एखादी वस्तू दिसली, तर ती जागच्या जागी राहू द्यावी, जागा नोंदवावी आणि अधिकाऱ्यांना कळवावे.

जुन्या कथेला आकड्यांनी तपासणे

जुनी पातळी हाती आली की तिच्या आधारे जुन्या कथाही तपासता येतात. १३३५ मध्ये इंग्रजांच्या बाजूच्या सैन्याने या किल्ल्याला वेढा घातला. नदीचे तोंड बांधून पाणी चढवायचे आणि किल्ला बुडवायचा, असा त्यांचा बेत होता आणि अ‍ॅलन डी व्हाइपाँट यांच्या शिबंदीने तो बांध फोडला, अशी कथा मध्ययुगीन इतिवृत्तातून आली आहे. ती शक्य होती का?

आजच्या सरोवरात क्षेत्रफळ गुणिले सरासरी खोली या हिशेबाने सुमारे ५ कोटी २० लाख घनमीटर पाणी आहे आणि ते साधारण सहा महिन्यांत एकदा पूर्ण बदलते. म्हणजे ओढ्यांतून दिवसाला सरासरी २ लाख ८० हजार घनमीटरच्या आसपास पाणी येते. पाणलोट क्षेत्र तेच असल्याने १३३५ मध्येही आवक याच घरातली धरता येईल. तेव्हाचे १७.७ चौरस किलोमीटरचे पाणी एका मीटरने चढवायचे, तर १ कोटी ७७ लाख घनमीटर पाणी अडवावे लागेल आणि बांधातून थेंबही गळला नाही असे मानले, तरी त्याला दोन महिन्यांहून अधिक काळ लागेल. शिवाय पाणी चढेल तसे ते सपाट काठांवर पसरेल, म्हणून दुसरा मीटर पहिल्यापेक्षा हळू चढेल. तेव्हा एका रात्रीत लोंढा येऊन किल्ला बुडणार होता, हे चित्र सोडून द्यावे लागते. पण तट पाण्याला अगदी लागून होता, हे आपण वर पाहिले. अर्धा मीटर पाणीही अंगणात शिरून धान्य भिजवायला पुरेसे होते आणि ते महिन्याभरात, पावसाळी हवेत त्याहून लवकर, चढू शकत होते. आजच्या बेटावर उभे राहून ही कथा अशक्य वाटते. जुना काठ डोळ्यांसमोर ठेवला की ती विचारात घेण्याजोगी ठरते.

किल्ल्याच्या बेटावर

म्हणून बेटाची फेरी शेवटी ठेवावी. स्कॉटलंडच्या ऐतिहासिक वारसा संस्थेच्या होड्या उन्हाळी हंगामात किन्रॉसहून सुटतात. बेटांबाबत एक नियम लक्षात ठेवावा: पाणी उतरले की मोठे सरोवर लहान होते, पण बेट मोठे होते, आणि पूर्वी पाण्याखाली असलेला उंचवटा नवे बेट म्हणून वर येतो. आज या सरोवरात सात बेटे मोजतात. त्यांतली लहानसहान बेटे जुन्या नकाशात दिसली नाहीत, तर तो नकाशा काढणाऱ्याचा निष्काळजीपणा समजू नये.

धक्क्यावर उतरल्यावर आधी मनोऱ्याकडे जाऊ नये. प्रथम बेटाच्या कडेने एक फेरी मारावी आणि चार दिशांना पाण्यापासून तटापर्यंत पावलांनी अंतर मोजून वहीत लिहावे. मग पाण्याकडे पाठ करून, पाण्याच्या कडेला उभे राहून काठीची १.४ मीटरची खूण पाहावी. मध्यम उंचीच्या माणसाच्या ती खांद्याच्या आसपास येते. त्या उंचीवरून नजर सरळ तटाकडे टाकली की ती पायथ्याशी कोठे भिडते, हे चारही बाजूंनी वेगवेगळे दिसेल. जेथे ती तटाच्या अगदी मुळाशी भिडते, तेथे जुन्या पाण्याने तट गाठला होता. जेथे ती थोडी अलीकडेच जमिनीत शिरते, तेथे जुन्या बेटाची अरुंद कोरडी पट्टी होती आणि होडी ओढून ठेवायला तेवढीच जागा होती. अशा जागा फारच थोड्या निघतात. प्रत्येक जागेची नोंद करताना तारीख, वेळ, वारा, त्या दिवशीच्या पाण्याच्या कडेपासूनचे अंतर आणि मोजलेली उंची एवढे लिहावे, आणि शक्य असल्यास कोरड्या उन्हाळ्यात व ओल्या हिवाळ्यानंतर अशी दोनदा तीच मोजणी करावी. मग मनोऱ्यात चढून पश्चिमेच्या बाजूला, किन्रॉस हाउसच्या अक्षाच्या दिशेने पाहावे. आता त्या काठावरची झाडे आणि हिरवा पट्टा वजा करून, पाणी थेट किती अंतरावर जाऊन थांबत होते, हे आपल्या वहीतल्या आकड्यांवरून सांगता येईल.